तिसऱ्या हाकेपर्यंत

दत्तू गेला आणि अनशीचा आवाज ऐकलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तिचा फोटो नव्हताच. त्या काळी आमच्या वाडीत फोटो असत ते मुंबईला गेलेल्या पुरुषांचे, उसना कोट घालून काढलेले. तिच्या परकराचा एक तुकडा आईने पेटीत जपला होता, तो आईबरोबर गेला. राहिला आवाज, आणि आवाज कुणाला दाखवता येत नाही. दत्तू होता तोवर दाखवायची गरजही नव्हती. मी नुसतं म्हणायचे, "दत्तू, ती खालून हाक मारायची ती," आणि तो मान हलवायचा. आता मान हलवायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. महाडच्या या घरात माझी खोली नदीच्या बाजूला आहे. दुपार कलली की खिडकीशी बसते, थोडं लिहिते, बरंचसं खोडते. शाळेत आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, पण हे कसं सुरू करावं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला. घर चढावर आणि पाणी खाली, अशी तिथली रीत. डोंगरातून उतरणारा ओढा, आम्ही त्याला पऱ्या म्हणायचो, उन्हाळ्यात खडकांखाली दडून जाई. मग बायका त्याच्या पात्रात हातभर खड्डा खणत आणि त्यात पाझरेल ते पाणी करवंटीने उचलून हंडे भरत. हंडा भरायला जितका वेळ लागे त्याहून चढ चढायला जास्त लागे. शेवटचा टप्पा तर असा उभा की भरला हंडा डोक्यावर घेऊन एकटीने चढणं अवघडच. म्हणून खालच्या बाजूला, आंब्याच्या मुळाशी उभं राहून घरच्या माणसाला हाक मारायची. वरून कुणीतरी उतरायचं, हंडा उतरवून घ्यायचा आणि दोघींनी मिळून वर आणायचा. आमच्या घरी हे काम अनशीचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. अनसूया तिचं नाव, ते फक्त बारशाला वापरलं. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली आणि हंडा तिच्या डोक्यावर आला. ती खालून हाक मारी, "आये." आईला आम्ही आये म्हणायचो. हाक खालच्या सुरात सुरू व्हायची आणि वर वर चढत यायची, जणू तीसुद्धा तो चढ चढते आहे. शेवटी जराशी फाटायची. मग थोडं थांबून दुसरी, आणखी थांबून तिसरी. तिसरीला आई चुलीपुढून "ओ" देई आणि पदर खोचत उतरू लागे.

तिसरीलाच का, हे आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या खोऱ्यात हाक मारणाऱ्याचा चेहरा दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नसे. जे बाहेरचं असतं त्याला तीनदा हाक मारता येत नाही, असं सगळे मानत. एकदा मारतं, फार तर दोनदा. त्याला ओ दिली की माणूस त्याच्यामागे जातो. दरीत आवाज भलताच फिरतो, पलीकडच्या कड्यावरचा गुराखी कानाशी बोलल्यासारखा वाटतो, त्यावरूनही ही रीत पडली असेल. पुढे पुस्तकं वाचून मी अशी बरीच कारणं गोळा केली. पण तेव्हा ते कारणांच्या पलीकडचं होतं. पाण्यात पाय घालण्याआधी पाणी पाहावं, तशी तिसरी हाक ऐकावी.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, दिवेलागणीला, अनशीने खालून एकच हाक मारली. आई भाकऱ्या थापत होती. मी चुलीच्या वैलावरच्या कुळथाच्या पिठल्याकडे बघत बसले होते, धाकटा भाऊ दत्तू जात्याशी झोपला होता. हाक आम्ही दोघींनी ऐकली. आईने मान वर केली, तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरी हाक यायची वाट पाहिली. दुसरी आली नाही. भाकरी फुगली, ती उतरवून आईने पुढची थापायला घेतली आणि हळूच मला म्हणाली, "बोलू नको. बाहेरची हाय." बाहेर अंधार दाटला तेव्हा ती टेंभा घेऊन खाली गेली. अनशी चढाच्या मध्यावर पडलेली होती. वाट पाहून ती एकटीच चढू लागली असावी आणि पाय निसटला असावा. डोकं दगडावर आपटलं होतं. हंडा घरंगळत खाली जाऊन पऱ्याच्या दगडांत अडकला होता, पोचा पडलेला, रिकामा. तिने पुन्हा हाक का मारली नाही, हे मी आजपर्यंत नाना तऱ्हांनी मनाशी लावून पाहिलं आहे. दम लागला असेल. आई येतेच आहे असं वाटलं असेल. पोरीला कशाचा तरी कंटाळा आला असेल.

बाबा मुंबईच्या गिरणीत होते. ते आले, दिवस घातले, परत गेले. पोचा पडलेला हंडा आईने कोपऱ्यात पालथा घालून ठेवला. आणि त्यानंतर ती कुठल्याही आवाजाला ओ देऊ लागली. पहिल्याच आवाजाला. रस्त्यावर गाडीवानाने बैलाला हाकारलं की आई घरातून "ओ" म्हणे. पावशा ओरडला की "ओ". एकदा भांड्यावर भांडं आपटलं आणि ती "आले गो" म्हणत उंबऱ्यापर्यंत गेली. हातातलं पीठ तसंच. भाकऱ्या करपू लागल्या. टाकळ्याची भाजी ती मिठाशिवाय करी, नाहीतर दोनदा मीठ घाली, आणि आम्ही मुकाट्याने खाऊ. शेजारची भागाकाकी, माझी चुलती, संध्याकाळी येऊन बसे आणि तिला समजावी. एकदा तिने मला ओटीवर गाठून स्पष्टच सांगितलं. "इंदे, तुझ्या आयशीवर ध्यान ठेव. पयल्या हाकंला ओ देतं त्ये मानूस ऱ्हात नाय. एक दिस जाईल उठून."

ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. आईला रात्री हात लावून झोपण्याची सवय मला तेव्हाच लागली. ती उठली की मी उठे. बहीण गेल्याचं दुःख मला त्या महिन्यात करताच आलं नाही. मी आईचा पहारा करत होते.

अशात शाळा उघडली. कापड्याच्या मराठी शाळेत त्या वर्षी पाचवीला नवे गुरुजी आले होते, सबनीस गुरुजी. घाटावरचे, वाईकडचे, नुकतेच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. चष्मा, पांढरा लेंगा, आणि काखेत छत्रीबरोबर एक जाड पुस्तक. आम्हाला वाटलं आता पाढे. पण त्यांनी पहिल्या दिवशी बाकं भिंतीला लावायला सांगितली आणि आम्हाला जमिनीवर गोलात बसवलं. पहिला आठवडा पुस्तकं उघडायची नाहीत, म्हणाले. मुलं वर्गात परकी असली की शिकत नाहीत, आधी त्यांची एकमेकांशी ओळख झाली पाहिजे. त्यासाठी ओळखीचे खेळ.

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. त्या गोलात चुलत, मावस, आते असं नातं नाही अशी दोन मुलं शोधून सापडली नसती. कुणाच्या अंगावर कुठे डाग आहे हेही सगळ्यांना पाठ. रघ्या नावाचा एक वात्रट मुलगा माझ्याशेजारी बसे. तो उभा राहून अदबीने म्हणाला, "गुर्जी, ह्यो माजा चुलतभाव. येका ताटात जेवतो आमी. ह्येची वळख कशी करू?" सगळे हसले, गुरुजीही हसले. पण खेळ सोडले नाहीत. चिंध्यांचा चेंडू एकाने दुसऱ्याकडे टाकायचा आणि ज्याच्याकडे टाकला त्याचं नाव घ्यायचं. मग आपलं नाव सांगून घरी काल काय शिजलं ते सांगायचं, आणि पुढच्याने मागच्या सगळ्यांचं पाठ म्हणायचं. त्यात फार मजा आली नाही, कारण सगळ्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि सुकट शिजली होती. एक होता झाडाच्या पानांचा. गुरुजींनी पानं अर्धी फाडून वाटली, आपल्या पानाचा दुसरा अर्धा ज्याच्याकडे तो आपला जोडीदार. त्यात मला हसू आलं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले ते तिथे, फणसाचं अर्धं पान हातात धरून. मला ते गुरुजी आवडू लागले होते. पुढे मी शिक्षिका झाले याचं बीज कुठे असेल तर त्या अर्ध्या पानात आहे.

आठवड्याच्या शेवटी त्यांनी आवाजाचा खेळ काढला. एका मुलाने मध्ये बसायचं, गुरुजी आपल्या पंच्याने त्याचे डोळे बांधणार. मग ते गोलातल्या ज्याच्या खांद्याला हात लावतील त्याने मधल्याला नावाने हाक मारायची, एकदाच. मधल्याने ओ द्यायची आणि आवाज कुणाचा ते ओळखायचं. पुस्तकात हा खेळ सोपा म्हणून दिलेला असावा. आमच्या वर्गात तो चालेचना. मधला मुलगा हाक ऐकून गप्प बसून राही. गुरुजी म्हणत, "अरे, ओ दे." तो मान खाली घाली. गुरुजी हाक मारणाऱ्याला पुन्हा मारायला लावत. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा मारली की मधला मोकळेपणाने "ओ" म्हणून लगेच बरोबर नाव सांगे. एकामागून एक सगळ्यांचं तसंच. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मुलं मंद आहेत असं त्यांना वाटलं असेल, किंवा आपली पद्धत चुकते आहे असं. त्यांना कुणी सांगितलं नाही. श्वास घ्यायला नाक लागतं, हे का कुणी सांगतं?

मग माझी पाळी आली. मी मध्ये बसले. पंच्याला साबणाचा वास होता, तो मला नवा होता. डोळे बांधल्यावर पत्र्यावरचा पाऊस एकदम जवळ आला. गुरुजींची पावलं मागून फिरत होती, ती ऐकू येत होती. ती थांबली. आणि दाराच्या बाजूने हाक आली. "इंदे." खालच्या सुरात सुरू झाली, वर चढत आली आणि शेवटी जराशी फाटली.

मी ओ दिली. विचार करायला सवडच नव्हती. माझ्या तोंडातून ती पाण्यासारखी गेली.

"शाबास!" गुरुजी खरोखर आनंदले होते. "पहिल्या हाकेला ओ दिली. आता सांग, आवाज कुणाचा?"

मी म्हटलं, "अनशीचा."

पाऊस तेवढा वाजत राहिला. गुरुजींना कसं माहीत असणार? ते गोलावरून नजर फिरवत प्रसन्नपणे म्हणाले, "अनशी कोण? अनशी, उभी राहा बरं."

ते वाक्य मी आजही कधीकधी झोपेत ऐकते. कुणी उभं राहिलं नाही, पण सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या, जणू कुणी उभं राहिलं असेल तर पाहावं. मी पंचा ओढून काढला तेव्हा दारात कुणी नव्हतं. गुरुजींचा हात रघ्याच्या खांद्यावर होता. ते म्हणाले, "तूच मारलीस ना हाक?" रघ्या नकला करण्यात पटाईत होता, हेडमास्तरांचा खोकलासुद्धा करून दाखवी. पण त्या वेळी त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "न्हाय गुर्जी," तो म्हणाला, "मी अजून त्वांडच उगाडलं नव्हतं." खेळ तिथेच थांबला. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी नव्या गुरुजींना बाजूला घेऊन काही सांगितलेलं मी पाहिलं. गुरुजी ऐकताना माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या हातातल्या पंच्याकडे बघत होते.

मी घरी काही बोलणार नव्हते. पण अशा गोष्टी पोरांच्या आधी घरी पोचतात. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा आई चुलीपुढे सरळ बसली होती. कित्येक दिवसांत तिची नजर एका जागी ठरलेली मी पाहिली नव्हती, ती माझ्यावर ठरली. कुठून आली हाक, तिने विचारलं. दाराकडून. वरून की खालून? खालून. शेवटी फाटली? मी मान हलवली. आणखी काही बोलली? नाही. माझं नाव घेतलं? आईने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज लहान मुलासारखा झाला. मी नाही म्हटलं. मग ती उठली, भात वाढला, आमच्याबरोबर जेवली, आणि जेवताना म्हणाली, "उद्या मी येतंय साळंत."

त्या रात्री मी तिच्या पदराची गाठ माझ्या मनगटाला बांधून झोपले.

दुसऱ्या दिवशी ती लुगडं बदलून, इरलं डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर निघाली. आमच्याकडे बायका शाळेत येत नसत, आल्या तरी ओट्याखाली उभ्या राहून मास्तरांना निरोप देत. आई इरलं ओट्यावर टेकवून थेट वर्गात आली. गुरुजी उठून उभे राहिले. तिने हात जोडले आणि म्हणाली की काल खेळलात तो खेळ माझ्याबरोबर खेळा.

गुरुजींनी तिला आपल्या खुर्चीवर बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्यांनी फार सौम्यपणे समजावलं. लहान मुलं, नुकतंच घडलेलं, मन हळवं झालेलं, अशा वेळी कान फसतात. पोरींचे आवाज एकमेकींसारखेच असतात. त्यांनी हेही म्हटलं की चूक झाली तर माझी, हा खेळ मी काढायलाच नको होता. आईने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी सांगता तसंच असंल, गुर्जी," ती म्हणाली. "माजं कायच म्हननं नाय. तिनं हाक मारली तवा मी ओ दिली न्हाय. येकडाव द्यायची हाय. मंग ऱ्हायलं."

मला त्या क्षणी ओरडून सांगायचं होतं की खेळू नका. एकदा ओ दिली की ती जाईल, हे त्या खोलीत गुरुजी सोडून सगळ्यांना कळत होतं. आईलाही. तिने दत्तूला सकाळीच भागाकाकीकडे पोचवला होता आणि त्याच्याबरोबर त्याचे कपडेही दिले होते, तेव्हाच मी समजले होते. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात बोलायची आम्हाला मुभा नव्हती. मी गोलात रघ्याच्या शेजारी जाऊन बसले. आई मध्ये बसली, मुलांमध्ये, मांडी घालून. गुरुजींनी तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला. गाठ दोनदा सुटली.

मग ते गोलाबाहेर फिरू लागले. फिरले, आणि कुणाच्याच खांद्याला त्यांनी हात लावला नाही. फळ्यापाशी जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. पुष्कळ वर्षांनी, मी महाडला शिकत असताना आणि त्यांचीही बदली तिथे झालेली असताना, त्यांनी मला सांगितलं की ते ठरवूनच केलं होतं. थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग म्हणायचं, बघा बाई, कुणी हाक मारली नाही, घरी जा, मुलं सांभाळा. त्यांच्या दृष्टीने तो एकच चांगला उपाय होता. आज मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

पाऊस उघडला होता. पत्र्यावरून पागोळ्या ठिबकत होत्या. आईची पाठ ताठ होती, हात मांडीवर उताणे. कुणीतरी पोर खोकलं आणि आईच्या बोटांना झटका बसला, पण ती बोलली नाही. ती आता कुठल्याही आवाजाला ओ देत नव्हती. एकाच आवाजासाठी बसली होती.

आणि तो आला. दाराकडून, ओट्याच्या पायऱ्यांच्या खालून. "आये."

रघ्याने माझं मनगट घट्ट पकडलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं, ते मी पाहिलं. सगळ्यांचीच मिटलेली होती.

"ओ," आई म्हणाली. "आले गो बाय, आले."

ती उठली. डोळे बांधलेली बाई चाचपडत जाईल तशी नव्हे, रोजच्या वाटेने जावं तशी चालू लागली. गोलातली मुलं आपोआप सरकली, तिला वाट झाली. ती दार ओलांडून ओट्यावर गेली. ओट्याच्या पुढे उंच पायऱ्या, शेवाळलेल्या, आणि त्यांच्याखाली वळणावरून पऱ्याला मिळणारा पाण्याचा लोट. गुरुजी फळ्यापाशी जागच्या जागी उभे होते. मला पाय फुटले. मी दारापर्यंत धावले, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही. मी हाक मारली, "आये." ती थांबली नाही. मी पुन्हा मारली. तिचा एक पाय पायरीच्या कडेबाहेर गेला, अधांतरी राहिला. माझ्या छातीत वारा उरला नव्हता. तरी मी तिसऱ्यांदा मारली. त्या हाकेचं रूप काय झालं असेल ते मला माहीत नाही. खालच्या सुरात निघाली असेल, वर चढली असेल, फाटली असेल.

आईने पाय मागे घेतला. ती पायरी उतरली नाही. ओट्याच्या कडेला उभी राहून कमरेत वाकली आणि दोन्ही हात पुढे केले, खालच्या पायरीवर कुणी उभं असेल तर त्याच्या डोक्याच्या उंचीवर. तिची बोटं कशाच्या तरी गोल काठाभोवती वळली. मग तिने ते उचललं. तिच्या कोपरांवर भार आलेला मला दिसला, मानेची शीर ताठ झालेली दिसली. तिने ते छातीशी घेतलं, सावकाश वळली आणि ओट्याच्या फरशीवर हळूच टेकवलं, हिंदकळू नये अशा बेताने. टेकवल्यावर एक हात त्यावर क्षणभर ठेवला. नंतर तिने पंचा वर सरकवला, डोळे चोळले आणि मला म्हणाली, "ओ. काय गो इंदे?"

फरशीवर काही नव्हतं. पावसाचं पाणी होतं, ते सगळीकडेच होतं.

मुलांमध्ये पुढे या गोष्टीवरून दोन तट पडले. काहींनी दोन आवाज ऐकले होते, काहींनी फक्त माझा. रघ्या मरेपर्यंत या विषयावर बोलला नाही, आणि एरवी तो कशावर बोलला नाही असं नव्हतं. गुरुजींना मी महाडला विचारलं होतं. तुम्ही ऐकलीत का? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्या परीक्षेची चौकशी केली.

घरी जाताना आई पुढे आणि मी मागे होते. आंब्याच्या मुळाशी ती थांबली. अनशी जिथे उभी राहायची तिथे. तिच्या लुगड्याचा छातीवरचा भाग ओला होता, पण त्या दिवसांत कुणाचं लुगडं कोरडं असे? चढाकडे बघत ती म्हणाली, "भरल्याला व्हता गो. येक थेंब सांडला नव्हता पोरीनं." आणि चढू लागली. भागाकाकीकडून दत्तूला आणलं, त्याच्या कपड्यांचं गाठोडं सोडून कपडे दांडीवर टाकले, पालथा हंडा सुलटा केला, आतला कोळी झाडला. त्या संध्याकाळी भाकरी करपली नाही. रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. आईने मान वर केली आणि थापत राहिली.

एक गोष्ट मात्र तिने आम्हा दोघांना शिकवली, आणि ती आमच्याच घरापुरती राहिली. हाक मारायची तर तीनदा मारायची, लागोपाठ, थांबायचं नाही. दम नसला तरी मारायची. दत्तू मुंबईहून फोन करी तेव्हाही मी उचलताच "आक्का, आक्का, आक्का" म्हणे, मग बोले. गेल्या पावसाळ्यात इथल्या दवाखान्यात तो शेवटच्या घटकेला होता, मी त्याच्या उशाशी होते, त्याला माझा चेहरा दिसत होता. त्याने हाक मारली तशी मी लगेच ओ दिली. तरी त्याने उरलेल्या दोन पुऱ्या केल्या. त्यांना आवाज नव्हता, नुसते ओठ होते.

आता मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. शेजारी बाई म्हणतात, विद्यार्थी भेटले तर मॅडम म्हणतात. म्हणून परवा दिवेलागणीला, हे पान लिहीत असताना, खिडकीखालून हाक आली ती मला लगेच कळली. नाव माझंच होतं. खालच्या सुरात निघाली, वर चढली, शेवटी जराशी फाटली. मी पेन खाली ठेवलं, दिवा लावला नाही. अजून दुसरी आलेली नाही.